शॉपपासून टेबलापर्यंत

भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव... कुठल्याही एमआयडीसीत नव्या शेडचा नकाशा पसरला की त्यावर आधी मशीन बसतात. प्रेसचा पाया कुठे, क्रेनचा गर्डर किती उंचीवर, कच्चा माल कुठल्या दारानं आत येणार आणि तयार माल कुठे गाडीत चढणार, हे सगळं इंचाइंचानं ठरतं. मग ट्रान्सफॉर्मर, कंप्रेसर, पाण्याची टाकी. शेवटी जो कोपरा उरतो त्यात एक चौकोन काढून 'ऑफिस' असं लिहितात. पुढची वीस-तीस वर्षं प्लॅनिंग, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर आणि अकाउंट्सची माणसं त्या उरलेल्या चौकोनात बसून कारखाना चालवतात.

हे उलटं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. टेबल कुठे ठेवायचं यावर कारखान्यातली कुठली अडचण कुणापर्यंत किती वेळात पोचेल हे ठरत असतं. म्हणून ऑफिसची जागा मशीनच्या बरोबरीनं, त्याच बैठकीत ठरली पाहिजे.

शॉपवर दिवसभर ऐकू येणारं एक वाक्य आहे : "साहेब, जरा येऊन बघता का?" बोअरचं माप किंचित सरकल्यासारखं वाटतं, ड्रॉइंगवरचा एक आकडा पुसट आलेला असतो, टूलचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा येतो. इंजिनिअर वीस पावलांवर असेल तर ऑपरेटर हे वाक्य लगेच बोलतो. इंजिनिअर आवाराच्या दुसऱ्या टोकाला, ॲडमिन बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर असेल तर ऑपरेटर आधी स्वतः अंदाज बांधतो, आणखी चार जॉब काढून बघतो, मग सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर फोन लावतो आणि फोन एंगेज लागतो. तोवर रिजेक्शनचा एक ट्रे भरलेला असतो. यात ऑपरेटरची चूक शोधण्यात अर्थ नाही. अंतरच तेवढं ठेवलेलं असतं.

या अंतराचं मोजमाप झालेलं आहे. एमआयटीतले थॉमस ॲलन यांनी संशोधन आणि विकासाचं काम करणाऱ्या संस्थांमध्ये कोण कुणाशी किती वेळा कामाचं बोलतो याच्या नोंदी घेतल्या आणि १९७७ साली त्या पुस्तकातून मांडल्या. दोन टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं सरळ रेषेत कमी होत नाही, ते पहिल्या काही मीटरांतच कोसळतं. साधारण ५० मीटरच्या पुढे ते इतकं विरळ होतं की समोरचा माणूस शेजारच्या इमारतीत असला काय आणि शेजारच्या गावात असला काय, फरक उरत नाही. फोन आणि ईमेल आल्यावर हे बदललं असेल असं वाटतं. पण ज्यांची समोरासमोर वारंवार गाठ पडते त्यांनाच आपण फोनही जास्त करतो, असं ॲलन यांनी नंतर दाखवून दिलं. आता ५० मीटर म्हणजे किती? मध्यम आकाराची शेडच साठ-सत्तर मीटर लांब असते. म्हणजे ऑफिस शेडच्या एका टोकाला आणि अडचण दुसऱ्या टोकाला असली, की एका छपराखाली असूनही दोघं परगावी असतात.

ज्यांनी हे गांभीर्यानं घेतलं त्यांच्या इमारती पाहण्यासारख्या आहेत. झेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लाव्ह इथे श्कोडाच्या जुळणी-कारखान्यात गुंटर हेन या जर्मन वास्तुकारानं १९९० च्या दशकात ऑफिसं थेट हॉलच्या मध्यभागी, जुळणीच्या ओळींच्या कुशीत आणून ठेवली. जर्मनीत लाइपत्सिगला बीएमडब्ल्यूच्या कारखान्याची मध्यवर्ती इमारत २००५ मध्ये सुरू झाली, ती झाहा हदीद यांची. बॉडी शॉप, पेंट शॉप आणि जुळणी हे तीन मोठे हॉल या इमारतीनं जोडले आहेत. एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये जाणाऱ्या गाड्यांच्या बॉडी उंचावरच्या कन्व्हेयरवरून, टेबलांवर बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून सरकत जातात. लाइनची गती मंदावली तर हिशेबनीसालाही मान वर केली की कळावं. आणि साहेब असो की कामगार, आत येण्याची वाट एकच. ही इमारत तिच्या वळणदार रूपासाठी गाजली, पण मला तिच्यातली निवड जास्त महत्त्वाची वाटते. वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाचा वास आणि ठोकाठोक आपापल्या हॉलमध्येच ठेवली आहे. ऑफिसात येते ती फक्त संथ, जवळजवळ आवाज न करता सरकणारी गाडी. कारखान्यातलं काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे तिथे वास्तुकारानं आणि इंजिनिअरनं एकत्र बसून ठरवलेलं दिसतं.

आपल्याकडे एवढा पैसा नसतो, हे खरं. पण १९८३ च्या अखेरीस गुडगावमध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा सुझुकीकडून आलेली सवय स्वस्तातलीच होती : अधिकाऱ्यांना वेगळ्या खोल्या नाहीत, मोकळ्या हॉलमध्ये टेबलं, सगळ्यांना एकच गणवेश, एकच कँटीन. त्या काळच्या भारतीय कारखान्यात साहेबाची केबिन, तिच्या दारावरचा पडदा आणि दाराबाहेरचा शिपाई ही ठरलेली गोष्ट होती. ती काढायला भिंती बांधाव्या लागल्या नाहीत, उलट वाचल्या.

मात्र याचा अर्थ सगळ्यांना उचलून लाइनवर बसवायचं असा नाही. जवळ कुणी बसावं हे ठरवायची एक साधी रीत आहे. आठवडाभर शॉपवर एक वही ठेवायची आणि कोण कुणाला शोधायला गेलं, किती वेळा गेलं, ते लिहायचं. मग नकाशावर त्या फेऱ्यांच्या रेघा मारायच्या. रेघा जिथे दाट होतात तिथली टेबलं जवळ आणायची. बहुतेक वर्कशॉपमध्ये प्लॅनिंग, प्रोसेस, क्वालिटी, मेंटेनन्स आणि टूल रूम यांच्याच रेघा दाट निघतात. अकाउंट्स, खरेदी, विक्री यांचं काम बाहेरच्या माणसांशी जास्त, ते दर्शनी भागात सुखानं राहू शकतात. टाइम ऑफिस आणि एचआरचं गणित निराळं आहे. कामगाराला रजा, पीएफ किंवा पगाराच्या चिठ्ठीबद्दल विचारायचं असतं, पण लाइन सोडून जाता येत नाही. त्याला मोकळीक मिळते ती जेवणाच्या सुट्टीत. म्हणून ही खिडकी शॉपवरून कँटीनला जायच्या वाटेवर हवी. ॲडमिन बिल्डिंगच्या गुळगुळीत फरशीवर तेलकट बुटांनी पाऊल टाकायला माणूस संकोचतो, आणि त्या संकोचापायी कित्येक साध्या तक्रारी मनातच राहतात.

आता त्या माळ्यावरच्या काचेच्या केबिनविषयी. शेडच्या एका बाजूला मेझनीन टाकायचा, त्यावर काच लावायची आणि वरून सगळा शॉप नजरेखाली ठेवायचा, हा आपल्याकडचा लाडका नमुना. वरून नजर ठेवण्याची ही कल्पना जुनी आहे. जेरेमी बेंथमच्या ज्या 'पॅनॉप्टिकॉन'ची चर्चा तुरुंगाच्या संदर्भात होते, त्याचं मूळ एका कारखान्यात आहे. त्याचा भाऊ सॅम्युअल १७८० च्या दशकात आजच्या बेलारूसमधल्या क्रिचेव्ह इथे रशियन सरदार पोटेम्किनच्या कार्यशाळा चालवत होता. अननुभवी कामगारांवर मोजक्या जाणकारांची नजर राहावी म्हणून मधोमध देखरेखीची जागा असलेली इमारत त्याला सुचली. तुरुंग नंतर आला.

वरून काय दिसतं? माणसं जागेवर आहेत की नाहीत, एवढं दिसतं. बोअरचं माप दिसत नाही, ऑइलचा रंग दिसत नाही, ऑपरेटरच्या कपाळावरची आठी दिसत नाही. त्यातून जिना मध्ये येतो. जिना चढून प्रश्न विचारायला जाणं ही सपाट जमिनीवर वीस पावलं जाण्यापेक्षा फार मोठी गोष्ट असते, आणि खाली उतरून बघायला जाणं तर त्याहूनही मोठी. टोयोटाच्या परंपरेत इंजिनिअरनं अडचणीच्या जागी स्वतः जाऊन उभं राहणं हा पहिला नियम मानतात. माळ्यावरची केबिन त्या नियमाच्या आड येते.

शिवाय त्या केबिनमधली हवा शॉपमधली सगळ्यात वाईट हवा असते, हे फार कमी मालकांच्या लक्षात येतं. गरम हवा वर चढते. वेल्डिंगचा धूर, क्वेंचिंगची वाफ, कूलंटचे सूक्ष्म थेंब तिच्याबरोबर वर जातात आणि छपराखाली थर धरून राहतात. वरचा पत्रा मे महिन्यात साठ अंशांच्या पुढे तापतो. म्हणजे पत्र्याची भट्टी आणि धुराचा थर यांच्या बरोबर मध्ये आपण सुपरवायझरला बसवतो आणि मग मोठा एसी लावून देतो. तो एसी सहसा स्प्लिट असतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. आठ माणसांची मीटिंग अर्धा-पाऊण तास चालली की डोकी जड होतात, मग कुणीतरी दार उघडतं आणि शॉपवरची तेलकट हवा आत येते. कीबोर्डवर चिकट थर बसतो आणि फुप्फुसांतही.

उपाय अवघड नाही. एका लहान पंख्यानं, फिल्टरमधून, बाहेरची ताजी हवा ऑफिसात ढकलत राहायची, म्हणजे आतला दाब शॉपपेक्षा किंचित जास्त राहतो. मग दार उघडलं की हवा आतून बाहेर जाते, धूर आत येत नाही. मात्र ही हवा घ्यायची कुठून, हे नीट ठरवावं लागतं. अमेरिकेत बफेलो शहरात लार्किन या साबण-कंपनीच्या कचेरीसाठी फ्रँक लॉइड राइट यांनी १९०६ साली इमारत उभी केली, ती कारखाने आणि रेल्वेमार्गांच्या गराड्यात. इंजिनांच्या धुरामुळे त्यांनी इमारत बाहेरून जवळजवळ बंद ठेवली, कोपऱ्यातल्या उंच मनोऱ्यांमधून हवा वरून खाली आणली आणि स्वच्छ करून आत सोडली. आपल्याकडे मात्र आजही ताज्या हवेचं तोंड डिझेल जनरेटरच्या धुराड्याशेजारी उघडलेलं सापडतं.

खोली किती मोठी हवी याचंही एक जुनं माप आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं नव्या कारखान्यांतल्या कामाच्या खोल्यांमध्ये माणशी किमान १४.२ घनमीटर जागा सांगितली, आणि ती मोजताना ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही असंही म्हटलं. हाच हिशेब नेहमीच्या सुपरवायझर केबिनला लावून पाहा. तीन मीटर बाय चार मीटर, उंची २.७ मीटर, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. दोन माणसांची खोली झाली. तिथे पाच-सहा खुर्च्या असतात.

आवाजाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. प्रेस शॉपमध्ये आवाज ९५ डेसिबलपर्यंत सहज जातो. शांतपणे फोनवर बोलायचं, हिशेब करायचा तर ५० च्या आसपास हवा. म्हणजे मधल्या भिंतीनं ४५ डेसिबल अडवले पाहिजेत. आवाज अडवतं ते वजन. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली चार-साडेचार इंची विटांची भिंत हे काम करू शकते. आजकाल ज्यांच्या केबिन दोन दिवसांत उभ्या राहतात, ती पफ पॅनेलं उष्णता छान अडवतात, पण हलकी असल्यामुळे त्यांच्याकडून जेमतेम २५ डेसिबलची अपेक्षा करता येते. एकेरी काच तीसच्या घरात. दुहेरी काच लावायची तर दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्याव्यात, कारण सारख्या जाडीच्या काचा एकाच पट्टीचा आवाज दोघी मिळून आत सोडतात.

खरा घोटाळा फटींचा. समजा दहा चौरस मीटरची उत्तम भिंत बांधली आणि तिच्यातल्या एक मीटर रुंद दाराखाली एक सेंटीमीटर फट राहिली. ती फट भिंतीच्या क्षेत्रफळाचा फक्त एक हजारांश भाग आहे. पण डेसिबलच्या गणितात एक हजारांश म्हणजे ३० डेसिबल. भिंत कितीही जाड करा, ३० च्या वर अडवणूक जाणारच नाही. वायरी जाण्यासाठी पाडलेली भोकं, एसीच्या पाइपभोवतीची पोकळी, सगळ्यांची कथा तीच. आणि सगळ्यात मोठी फट डोक्यावर असते. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेतात, वरून उघडं, मग आवाज पार्टिशन ओलांडून वरून निवांत उतरतो. भिंत स्लॅबपर्यंत गेली पाहिजे, नाहीतर केबिनला स्वतःचं जड छत हवं. दाराला रबराची पट्टी, आणि जमलं तर एकामागून एक दोन दारं, मध्ये चार फुटांची जागा. बूट पुसायचा पायपोसही तिथेच मावतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ज्या आवाजात साहेबाला फोन घेता येत नाही त्याच आवाजात ऑपरेटर आठ तास उभा असतो. म्हणून केबिनच्या काचेवर खर्च करण्याआधी आवाजाच्या उगमाकडे जावं : प्रेसखाली कंपनरोधक पॅड, कंप्रेसर वेगळ्या खोलीत, हवेच्या नळ्यांच्या तोंडाला सायलेन्सर. आवाज तीन डेसिबलनं उतरला तरी कानावर पडणारी ऊर्जा निम्मी होते. उगमाशी दहा डेसिबल कमी झाले तर ऑफिसच्या भिंतीवरचा भारही तेवढाच हलका होतो, आणि ऑपरेटर घरी गेल्यावर पोरांशी ओरडून बोलत नाही.

थरथर हा आवाजाचाच भाऊ, पण तो जमिनीतून येतो. क्रेनच्या खांबांना मेझनीनचे गर्डर जोडून पोलाद वाचवतात आणि मग ओव्हरहेड क्रेन सरकली की टेबलावरचा चहा हलतो. मेझनीनला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया असावा, शेडच्या सांगाड्यापासून सुटा. मोजमापाच्या लॅबला तर हे अनिवार्यच आहे. लांबी मोजण्याचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. मशीनवरून गरम उतरलेला जॉब लगेच मोजला तर माप चुकीचं येतं, तो लॅबच्या हवेत काही वेळ ठेवावा लागतो. म्हणजे लॅबला थंड, स्थिर, थरथर नसलेली जागा हवी आणि ती लाइनला खेटूनही हवी. अशा ठिकाणी हॅमरच्या दिशेला स्टोअर किंवा शौचालयांचा पट्टा आडवा घालून लॅब त्यामागे ठेवता येते.

प्रकाशाची बाब सोपी आहे. गिरणगावातल्या साचेखात्यांची दातेरी छपरं उत्तरेकडे काच ठेवून बांधली जात, त्यामुळे ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळे. शेडच्या आतल्या ऑफिसला बाहेरची खिडकी मिळत नसेल तर निदान असा उत्तरेचा उजेड वरून आणावा. तितकीच सोपी, पण दुर्लक्षित बाब स्वच्छतागृहांची. स्त्रियांची स्वच्छतागृहं शॉपपासून आणि ऑफिसपासून सारख्याच अंतरावर असावीत. ती फक्त ॲडमिन बिल्डिंगमध्ये ठेवण्याची पद्धत, लाइनवर मुली काम करू लागल्यावरही, अजून पुरती गेलेली नाही.

आतापर्यंत जवळीक चांगली असं मी म्हणत आलो. पण ज्या कारखान्यात द्रव पेटतो किंवा वायू फुटतो, तिथे हे सगळं उलटं वाचावं लागतं. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीतल्या बीपीच्या रिफायनरीत एक युनिट पुन्हा सुरू करताना टॉवर प्रमाणाबाहेर भरला, ज्वलनशील द्रव स्टॅकमधून उसळून बाहेर पडला आणि त्याच्या वाफेचा स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. मेलेले सगळे तात्पुरत्या ऑफिसच्या ट्रेलरांमध्ये किंवा त्यांच्या आसपास होते. हे ट्रेलर शेजारच्या दुसऱ्या युनिटच्या दुरुस्तीच्या सोयीसाठी आणून ठेवले होते, आणि त्यांतला जवळचा ट्रेलर धोक्याच्या उगमापासून ४० मीटरच्याही आत होता. त्या माणसांचा सुरू होणाऱ्या युनिटशी काही संबंध नव्हता. त्याआधी १ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा २८ जण गेले, त्यातले १८ कंट्रोल रूममधले. मुख्य ऑफिसची इमारतही उद्ध्वस्त झाली, पण शनिवार असल्यामुळे ती रिकामी होती.

तारापूर, महाड, लोटे परशुराम, पाताळगंगा या पट्ट्यातल्या कारखान्यांनी ऑफिसचा नकाशा काढताना या दोन घटना समोर ठेवाव्यात. ज्याचं काम खरोखर प्लँटवरच आहे तोच आत, तोही स्फोट सोसेल अशा खोलीत. बाकी टेबलं लांब, गेटजवळ, आणि वाऱ्याच्या नेहमीच्या दिशेचा विचार करून. तात्पुरत्या कंटेनर केबिनलाही हाच नियम, कारण सोयीसाठी म्हणून त्याच सगळ्यात आत शिरतात.

इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये धोका लहान असतो, पण असतो. शेडच्या आतली केबिन म्हणजे खोलीतली खोली. बाहेर शॉपवर आग लागली तर केबिनमधल्या माणसाला बाहेर पडायची वाट त्याच आगीतून असते. म्हणून तिला दुसरं दार हवं, थेट बाहेर किंवा सुरक्षित जिन्यावर उघडणारं. पफ पॅनेलमधला फोम पेटला की विषारी धूर सोडतो, त्याऐवजी रॉकवूलचं पॅनेल घेतलं तर ते पेटत नाही आणि आवाजही जास्त अडवतं, थोडं महाग पडलं तरी. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते : आवाज येऊ नये म्हणून इतक्या कष्टानं बंद केलेल्या केबिनमध्ये शॉपवरचा आगीचा भोंगाही ऐकू येत नाही. केबिनच्या आत वेगळा हूटर आणि लुकलुकणारा दिवा बसवावाच लागतो.

शेवटचा मुद्दा वाढीचा. ऑर्डर वाढल्या की लाइन लांब करावी लागते, आणि ती ज्या टोकाला वाढणार त्याच टोकाला बहुतेक वेळा पक्क्या विटांचं ऑफिस उभं असतं. ते पाडायला मन होत नाही, मग लाइन वळवतात, माल दोनदा उचलावा लागतो. ऑफिस लाइनच्या बाजूनं, लांबीला समांतर ठेवावं आणि दोन्ही टोकं मोकळी सोडावीत. शौचालयं, जिना, लॅब यांसारखा हलवता न येणारा भाग एकत्र बांधावा, आणि टेबलांचा भाग सुट्या पॅनेलांचा करावा. वायरी आणि इंटरनेटच्या केबल जमिनीत न पुरता वरच्या ट्रेमधून न्याव्यात. मग नवं मशीन आलं की टेबलं एका रविवारी त्याच्या शेजारी नेता येतात.